तू लावलेला शब्द

प्रिय पोरी,

आपल्या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातला तुझा डाव आठवडाभर माझ्याकडे अडकून पडलाय. समोरचा खेळाडू वाट पाहतोय अशी आठवण फोन रोज करतो, आणि मी रोज तो उपडा करून ठेवते. तुला वाटेल, हिला व्ही आला असेल. आलाय, खोटं कशाला बोलू. व्ही घेऊन दोन अक्षरांचा एकही शब्द हा खेळ मान्य करत नाही, सगळे स्वर लावून पाहिले. पण अडलंय ते व्हीमुळे नाही.

दुकानात हल्ली दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. बाबा आत चष्म्याच्या काचा घासतात, मी काउंटरवर. कुणी डोळे तपासायला आलं की भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्याने वाचतं आणि मी मनातल्या मनात त्यांचे शब्द जुळवत बसते. परवा एका बाईंनी शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'यात एकही स्वर नाही, याचं काही व्हायचं नाही.' बाईंना वाटलं, डोळ्यांचं म्हणतेय. त्या रडायच्याच बाकी होत्या. बाबांनी बाहेर येऊन कसंबसं सावरून घेतलं.

एका गिऱ्हाइकाने मला फोनवर एक सोय दाखवलीय. आपल्याकडची अक्षरं भरायची, कुठलं अक्षर हवंच ते सांगायचं, की शब्दांची रांग हजर. बाबा म्हणतात, ही कॉपी झाली. शब्दकोश उघडला तर कॉपी नाही, मग ही कशी, असं मी म्हणते, पण माझंच नक्की ठरत नाही. एकदाच वापरली. झेड आणि एक्सवाला तो शब्द आठवतो? अर्थ विचारू नकोस. तसंही क्यूनंतर यू लागतोच असं मी शाळेत शिकले, आणि तू सरळ क्यू-आय लावून गुण घेऊन गेलीस. तेव्हापासून इंग्रजीवरचा माझा विश्वास उडालाय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पडून होते तेव्हा तूच हा खेळ फोनवर घालून दिलास. 'आई, इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालतं, नुसती अक्षरं जुळवायची,' म्हणालीस. सून सासूला हरवते म्हणून बाबा चिडवायचे. मग तुम्ही दोघं नवरा-बायको वेगळी झालात. कोर्टाचे कागद आले, भिंतीवरचे फोटो उतरले, तुझा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून गेला. या खेळाची मात्र कुणालाच आठवण राहिली नाही. आणि एका सकाळी तुझा शब्द आला, 'पॅन'. मी कितीतरी वेळ बघत बसले. कागदोपत्री नातं संपलेल्या सुनेशी खेळावं की नाही, हे कुणाला विचारायचं असतं? शेवटी तुझ्या पॅनला टी जोडून मी पँट केली.

तेव्हापासून खेळतोय, पण एक ओळ म्हणून आपण एकमेकींना लिहिली नाही. त्यामुळे मी तुझे शब्दच वाचत बसते. तू 'रूफ' लावलास तेव्हा वाटलं, नवं घर घेतलं की जुनं गळतंय? 'फीवर' लावलास त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. 'अगं, मिळतील ती अक्षरं लावते ती, तब्येत कळवत नाहीये,' असं बाबा म्हणाले खरे, पण दुपारी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या जुन्या वहीतून नंबर शोधून त्यांनीच तुला फोन केला. तुमचा चष्मा तयार आहे म्हणाले. घरी येऊन मला सांगितलं, 'आवाज खणखणीत आहे. ताप नाही.' एवढंच.

मध्यंतरी माझा फोन बिघडला. दुरुस्त करताना त्याला, म्हणजे आपल्या चिरंजिवांना, हा खेळ दिसला. 'आई, अजून?' एवढंच बोलला. रागावला नाही. मला वाटलं आता बंद कर म्हणेल, म्हणून मी सांगून टाकलं की मी बंद करणार नाही. बराच वेळ फोनशी खुडबुड करत राहिला आणि मग विचारलं, 'बरी आहे ना ती?' मी म्हटलं, तापातून उठलीय. तो आणखी गोंधळला.

आणि गेल्या आठवड्यात तू 'ब्राइड' लावलास. मी बाबांना म्हटलं, पुन्हा तो चष्म्याचा फोन करा. ते नाही म्हणाले. तेव्हा कुठे त्यांच्याकडून कळलं, की त्या दिवशी 'मी चष्मा करायला टाकलाच नव्हता' असं म्हणून तू लगेच विचारलंस, 'बाबा, जेवलात का?' हे त्यांनी माझ्यापासून का लपवलं, तेही सांगत नाहीत. म्हणाले, 'आता चोरून नको. सरळ लिही.' म्हणून सरळ लिहिते. त्याचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. मुलगी चांगली आहे, आणि हे तुला लिहिताना मी कुणाची बाजू घेतेय तेच मला समजत नाही. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटत होतं. तुला आधीच कळलं असेल आणि म्हणून तो शब्द लावला असशील, तर मला उशीर झाला. तुझंच काही ठरलं असेल, तर मला आनंद होईल. आधी थोडं रडेन, पण आनंदच होईल. आणि अक्षरंच तशी आली असतील, तर मी येडी. काय ते मला चार ओळींत लिही, खेळातून कळवू नकोस, त्यातलं मला काही कळत नाही. यापुढे खेळायचं नसेल तर तेही लिही, पण न सांगता थांबू नकोस. तू घर सोडलंस तेव्हा मी दुकानात होते. संध्याकाळी आले तर तुझं कपाट उघडं आणि रिकामं होतं. तसं पुन्हा नको.

तुझीच,
आई