विजयमुहूर्तावर अर्ज

१४ सप्टेंबर २०१०, मंगळवार
आमच्या बॉस मिसेस लिमनी आज सगळ्या घर-एजंटांना ऑफिसात बोलावलं. आजवर भाड्याचे फ्लॅट दाखवायला आणि लोकांच्या होम लोनचे कागद बँकेत पोचवायला कंपनीचं लॅमिनेट केलेलं कार्ड पुरत होतं. यापुढे नाही. देशभरच्या एजंटांची एकच ऑनलाइन यादी होणार. गिऱ्हाइकाने नाव टाकलं की फोटो आणि नोंदणीचा नंबर समोर. यादीत नाही तो एजंट नाही. प्रत्येकाने कंपनीच्या पानावर लॉगिन करून आपला अर्ज भरायचा. मुदत १७ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचपर्यंत.
तरुण पोरं घाबरलेली दिसली. मी शांत होतो. बंदरावरच्या गोदामात मालाची मोजदाद करणारा टॅली क्लार्क म्हणून सिंगापूरला आलो तेव्हा यातली निम्मी जन्मली नव्हती.
संकल्प: आज जेवणाआधी अर्ज भरून मोकळं व्हायचं.

त्याच दिवशी, जेवणानंतर
पासवर्ड विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावला. सुरुवात झाली. बाकीचं उद्या.

१५ सप्टेंबर, बुधवार
अर्ज उघडला. नाव भरलं. जन्मतारीख भरली. सोपं आहे. तिसरा रकाना शिक्षणाचा. त्यात बाण आहे, तो दाबला की पदव्यांची रांग उघडते, खाली 'इतर' लिहायची जागा. अक्षरं बारीक. चष्म्याचा नंबर वाढला असणार. अर्धवट अर्ज ठेवणं बरं नाही म्हणून भरलेलं नाव आणि जन्मतारीखही पुसली.
आधी डोळे तपासावेत.

१९ सप्टेंबर, रविवार
डोळे तपासले. चष्मेवाला नंबर तोच आहे म्हणाला. त्याचं मशीन जुनं वाटलं.
येताना अर्जासाठी फोटो काढला. फोटोवाल्या बाईने हसू दिलं नाही. घरी दाखवला तर नात अवनी म्हणाली, "आजोबा, यू लुक सो स्केर्ड, लाह." सात वर्षांच्या मुलीला फोटोतलं काय कळतं? तरी केस काळे करून दुसरा काढायचं ठरवलं.
जेवताना प्रबोधने विषय काढला. म्हणाला, बाबा, आता पुरे झालं, अवनीला स्कूलबसवरून आणायचं काम आहेच की तुम्हाला. मुलगा बँकेत मॅनेजर झाला की बापाला शिपाई करतो. मी आमटी वाढून घेतली. एजंट म्हणून या घरात राहायला आलो, एजंट म्हणूनच राहणार.

२४ सप्टेंबर, शुक्रवार
पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नव्या कामाचा अर्ज भरणं शक्य नाही. फार शांत वाटलं. पितरांचा मान राखल्याचं समाधान असावं.
सौ. अरुणा म्हणाली, गेल्या वर्षी पितृपक्षातच चौथ्या मजल्याचा फ्लॅट दिलात आणि कमिशनचा ड्रायर घेतलात. बायकांना धर्मातले बारकावे समजावण्यात अर्थ नसतो.

२९ सप्टेंबर, बुधवार
बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांत, धवल या नव्या गिऱ्हाइकाला भेटलो. पुण्याचा इंजिनियर, जुरोंग आयलंडवर नोकरी, पुढच्या महिन्यात बायको येणार. कंपनीची बस थांबते तिथून जवळ फ्लॅट हवा. मुलगा चांगला आहे, चहाचे पैसे त्यानेच दिले. मग हळूच म्हणाला, काका, तुमचा नवा नंबर आला का? त्याच्या एचआरला करारावर एजंटाचा नंबर लागतो. शिरीष या दुसऱ्या एजंटाने म्हणे आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलंय, नंबर छापलेलं. शिरीष! मागच्या गणपतीत मोदकाला चमचा मागणारा माणूस.
धवलला सांगितलं, अनुभवी लोकांच्या अर्जांना वेळ लागतो. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर मात्र शिरीष.
संकल्प: शिक्षणाच्या रकान्यात 'कॉमर्स' लिहावं. वडिलांच्या दुकानात बसलो ते कॉमर्सच की.

७ ऑक्टोबर, गुरुवार. सर्वपित्री अमावास्या
तर्पण हॉलमधल्या भारताच्या घड्याळाप्रमाणे केलं. अरुणाने ते पुण्याच्या बहिणीला फोन करण्यासाठी लावलंय, आपल्या सिंगापूरच्या घड्याळाशेजारीच. भारताचं अडीच तास मागे असतं. पितर तिकडचे, तर वेळही तिकडचीच हवी. एवढा विचार इथे कोण करतो?
वडिलांचं पान खिडकीत ठेवलं. कावळा आला नाही, साळुंकी आली. वडील कडक होते. किराणा दुकानात बसायला माणूस हवा झाला तेव्हा मी नववीत होतो. असो.
वडे जास्त झाले, झोपलो. उठलो तेव्हा अरुणा खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. सणावारीसुद्धा हिला मालिका सुटत नाहीत. मला पाहून म्हणाली, अहो, त्या तुमच्या अर्जाचं. मी तिथेच थांबवलं. अमावास्येला त्याचं नावसुद्धा नको.

१० ऑक्टोबर, रविवार
परवा नवरात्र बसलं. आता अर्ज भरायला हरकत नाही. पण साडेतीन मुहूर्तांतला अख्खा दसरा आठवड्यावर असताना आडदिवशी बटण दाबणं हा उतावीळपणा झाला. पंचांग काढलं. दसऱ्याला विजयमुहूर्त दुपारी दोन पन्नासला. मुदत पाचची. दोन तास हाताशी राहतात. योग जुळतात ते असे.
अरुणा पुन्हा अर्जाचं काहीतरी सांगायला आली. तिला शांतपणे समजावलं की ऑफिसच्या कामात घरच्यांनी पडू नये. ती हसली. दबाव सहन करणाऱ्या माणसाला घरात हसतातच.

१३ ऑक्टोबर, बुधवार
मिसेस लिमचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. घाई करायला सांगणार, दुसरं काय.
फोन डब्यात ठेवला. उपासाच्या साबुदाण्याच्या.

१६ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी
शस्त्रपूजा. आमचं शस्त्र लॅपटॉप. लिटिल इंडियातून झेंडू आणले, लॅपटॉप पाटावर ठेवला, हळदकुंकू, अक्षता, आरती. अवनीने विचारलं की लॅपटॉपचा बर्थडे आहे का. अक्षता बटणांच्या फटीत गेल्या. अरुणाने टाचणीने काढल्या, तरी एक आत राहिली. ९ चं बटण दबत नाही. नेमकं तेच. पण त्याची मला गरज नाही. मी 'कॉमर्स' लिहिणार आहे.

१७ ऑक्टोबर, रविवार. दसरा
आंघोळ करून, कोट घालून लॅपटॉपसमोर बसलो. नजर भारताच्या घड्याळावर. पंचांग तिकडचं, तर घड्याळही तिकडचंच. दोन पन्नास झाले. गणपतीचं नाव घेऊन लॉगिन केलं.
लाल अक्षरात इंग्रजी चार ओळी आल्या. रकाने नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा लाल. मुदतीला दोन तास असताना पान बंद करणं हा अन्याय आहे, अशा अर्थाचं पत्र मनात जुळवत होतो, तोच अवनी खालून खेळून आली. तिला वेळ विचारली. म्हणाली, "फाइव्ह ट्वेंटी ऑलरेडी."
सिंगापूरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वीस.
मुहूर्त भारताचा धरला, ते बरोबर. इथली मुदतही त्याच घड्याळावर धरली.
लाल ओळी वाचल्या नाहीत. वाचून काय करायचं?
तसाही हा धंदा सोडायचा विचार बरेच दिवस होता. धवलने शिरीषकडे जावं. स्कूलबस साडेबाराला येते.
सोनं कुणालाच दिलं नाही.

१८ ऑक्टोबर, सोमवार
पेढे घेऊन ऑफिसात गेलो. रात्री पाठ केलेली इंग्रजी वाक्यं मिसेस लिमच्या दारातच विसरलो. हात जोडले. त्यांनी पेढा खाल्ला, ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं आणि मला फोन का उचलत नाही म्हणून झापलं. कार्ड बुधवारपासून येऊन पडलंय.
स्क्रीन फिरवून दाखवली. निशिकांत वामन चौबळ. नंबर. अर्ज मिळाल्याची तारीख ७ ऑक्टोबर. काल लाल अक्षरात तेच लिहिलं होतं, अर्ज आधीच आला आहे म्हणून. शिक्षण: शाळा, नववीपर्यंत. मी ती ओळ हाताने झाकायला पुढे झालो. मिसेस लिमना वाटलं मी सही करायची जागा शोधतोय. त्यांनी पेन दिलं. नववीबद्दल एक अक्षर विचारलं नाही.
फोटो पहिला. घाबरलेला.
घरी येऊन अरुणाला विचारलं. ती मटार सोलत होती. पासवर्ड फ्रिजवर होता, म्हणाली, आणि सांगायला दोनदा आले होते. मी म्हणालो, भरायचा तर भरायचा, पण अमावास्येला?
"मामंजींनी तुम्हाला शाळेतून काढलं ना," ती म्हणाली. "मग त्यांच्याच पानाशेजारी बसून भरला. म्हटलं, बघू देत, नववीवर पोरगा कुठवर आला."
मी बराच वेळ मटार सोलले. तिने ते पुन्हा निवडून घेतले.
मग धवलचा फोन आला. यादीत नाव टाकून पाहिलं म्हणाला. सापडलात, काका. फोटोत एवढं काय झालं होतं? उद्या तीन वाजता फ्लॅट दाखवायला जायचं ठरलं.
एकूण पाहता, योग्य वेळ येईपर्यंत थांबायचं माझं धोरण बरोबर ठरलं.
संकल्प: हॉलमधलं एक घड्याळ काढून टाकायचं. कोणतं, ते अरुणाला विचारून.