तिसरं कोटेशन

६ जानेवारी
नवी डायरी. संकल्प तीन. एक, रोज चालणे. दोन, बायकोशी वाद न घालणे. तीन, कुठलाही निर्णय भावनेच्या भरात न घेणे. तिसरा तसा संकल्प नाही, तो स्वभावच आहे. पंपांच्या कारखान्यात खरेदी खातं सव्वीस वर्षं उगाच सांभाळलं नाही. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी घरी पंखासुद्धा घेतलेला नाही. पंखा आला तेव्हा उन्हाळा संपला होता, हे बायको येईल त्या पाहुण्याला सांगते.

९ जानेवारी
डाव्या पोटरीवरच्या तिळावरून बायकोची पुन्हा भुणभुण. म्हणे वाढलाय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात, रंगही एक राहिला नाही. माझ्या पोटरीकडे हिचं इतकं लक्ष लग्नानंतर प्रथमच. वाद नको म्हणून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई कसली, पोरगीच. भिंगातून पाहिलं आणि अख्खा तीळ काढून तपासायला पाठवला. तीन टाके. या वयात घाई अंगातच असते.

१७ जानेवारी, संध्याकाळी
रिपोर्ट आला. मेलानोमा. डॉक्टरीण म्हणाली, हा त्वचेचा कॅन्सर, आणि त्यातला जहाल. खोली १.६ मिलिमीटर. पण हाताबाहेर गेलेला नाही. आता सर्जनकडून त्या जागेभोवतीची दोन सेंटीमीटर कातडी काढून घ्यायची आणि जांघेतली एक ग्रंथी तपासायची, म्हणजे पसरलाय का ते कळेल. महिन्याभरात व्हायला हवं.

मी अगदी शांत होतो. तिच्या टेबलावरची पाण्याची बाटली मी संपवली, ती तिची होती हे नंतर कळलं. येताना शेजारच्या बिल्डिंगचे दोन मजले चढलो, पण दोन्ही जिने सारखेच आहेत.

बायको म्हणाली, उद्याच जाऊ आणि काढून टाकू. फाइलमध्ये नोंद केली: तोंडी मत, लेटरहेड नाही, ग्राह्य धरता येत नाही. तिलाही तसं समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२० जानेवारी
ऑफिस. गास्केटचा अख्खा लॉट परत पाठवला. जाडी ०.२ मिलिमीटर कमी. पुरवठादार हातापाया पडत होता. त्याला सांगितलं, एवढ्याशानेच पंप गळतो.

२८ जानेवारी
तुलनात्मक तक्ता आखला. उभे रकाने तीन. पहिला सर्जन पाहून आलो. दोन सेंटीमीटर आणि ग्रंथीची तपासणी. ११ फेब्रुवारी ही तारीखही दिली. एक सेंटीमीटरमध्ये भागेल का, असं विचारलं. त्याने कागदावर पुन्हा दोनच लिहिले. पहिली ऑफर नेहमी चढीच असते. दुसरं मत जरूर घ्या म्हणाला, मात्र पंधरा दिवसांच्या आत. मुदत घालून दबाव आणायची पद्धत मला नवी नाही.

मुळात तीळ काढून झालाय. माल उचलला, मग पुन्हा ऑर्डर कसली?

१० फेब्रुवारी
दुसरं मत, मोठ्या हॉस्पिटलातलं. त्यांनी तिळाच्या तपासणीच्या काचा मागवून पुन्हा पाहिल्या. १.६. दोन सेंटीमीटर. ग्रंथी. शब्दाला शब्द तेच. दोन पार्ट्यांचे आकडे असे तंतोतंत जुळले की आमच्या खात्यात त्याला संगनमत म्हणतात. उद्याची तारीख रद्द केली. बायकोने बॅग भरून ठेवली होती. टॉवेल, सपाता, माझ्या चष्म्याचं घर. बॅग पायाने पलंगाखाली सरकवली.

४ मार्च
अभ्यास जोरात. एकशे बारा पानं प्रिंट काढली, तीन रंगांचे मार्कर आणले. मेहुणा आला होता. म्हणाला, दाजी, ताई रडत असते हो. मी म्हटलं, तिला आकडे समजत नाहीत. मग म्हणाला, दोघं सांगतायत ते तुम्हाला पटत का नाही. मी म्हटलं, पटण्याचा प्रश्न नाही, नियम तीनचा आहे. चहा न पिताच गेला.

२३ मार्च
वर्षअखेर. खात्यात मान वर करायला सवड नाही. तब्येतीचं एप्रिलमध्ये. चालणंही एप्रिलपासूनच.

१७ एप्रिल
तिसरं कोटेशन मिळालं. आणि शोधत कुठे होतो, तर ते कारखान्यातच. कंपनीच्या डॉक्टरांकडून वार्षिक तपासणी. वजन, डोळे, जीभ. पोटरी दाखवणार होतो, पण मागे रांग होती आणि पँट घट्ट. तीळ काढलाय एवढं सांगितलं. बरं केलंत, म्हणाले. लेटरहेड, सही, शिक्का: कामास योग्य.

तक्ता पूर्ण. पहिला दोन सेंटीमीटर, दुसरा दोन, तिसरा शून्य. सर्वात कमी ते मंजूर. एप्रिलमधली माझी सर्वोत्तम खरेदी.

बायकोला दाखवलं. तिने विचारलं, त्यांनी पाय बघितला का. मी म्हटलं, शिक्का बघ. तिने फाइल मिटली आणि जेवायला वाढलं. संकल्प क्रमांक दोन सिद्धीस गेला.

२ जून
डाव्या जांघेत वाटाण्याएवढी गाठ. चालण्याचा परिणाम. मागच्या आठवड्यात दोनदा चाललो होतो. स्नायूंना सवय नाही.

१९ जून
वाटाण्याशेजारी दुसरा वाटाणा. पहिला आता सुपारीएवढा. बायकोला सांगितलेलं नाही. भावनेच्या भरात निर्णय नको.

२१ जून
बायकोला कळलं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, मी पँट चढवताना विव्हळलो. तिने मेहुण्याला फोन केला. मेहुणा गाडी घेऊन दारात उभा. संगनमत.

३ जुलै, दुपारी
स्कॅन पाहून पहिल्याच सर्जनने सांगितलं. जांघेतल्या ग्रंथी, आणि फुफ्फुसात चार ठिकाणी. कापून काढण्याची वेळ गेली. आता औषध, सलाइनमधून, दर तीन आठवड्यांनी. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतं. कुणाला लागू पडतं, कुणाला नाही.

आणखी पर्याय कोणते, असं विचारलं. म्हणाला, फेब्रुवारीत होते. मग मी फाइल उघडून तक्ता पुढे केला. सगळी प्रक्रिया रीतसर झालीय हे त्याला दिसायला हवं होतं. त्याने कंपनीच्या डॉक्टरांचा कागद वाचला, उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाला, यात तुमचं वजन लिहिलंय. आणि कागद परत फाइलला लावून दिला, भोकं नीट जुळवून.

५ जुलै, सकाळी सात
आज पहिली सलाइन. भीती वाटते. फार वाटते. हे लिहायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

बायकोने पलंगाखालून बॅग ओढली. फेब्रुवारीपासून तिने ती उपसलीच नव्हती. टॉवेल झटकून पुन्हा घडी घातला. मी विचारलं, मी बरा होईन ना, तुला काय वाटतं? म्हणाली, तोंडी सांगितलेलं तुम्ही धरत नाही.

म्हटलं, आता धरतो. ती गाडी आली का बघायला बाहेर गेली.