ऐकण्याची परीक्षा

शिरूर

प्रिय तेजल,

हे पत्र पाठवायचं धाडस मला होणार नाही. वेगळ्या स्टेथोस्कोपसाठीचा तुझा अर्ज प्राचार्यांनी नाकारला, असं दौंडला सगळे समजतात. तो नकार माझा होता.

मी तुझ्या कॉलेजात शिकवत होते; तुला कमी ऐकू येतं म्हणून नर्सिंगच्या लेखी पेपरला जास्त वेळ मीच मिळवून दिला होता. पण प्रात्यक्षिकाला तू ठोके स्क्रीनवर दाखवणारा स्टेथोस्कोप मागितलास, तेव्हा परीक्षक म्हणून मी अडले. प्राचार्य तयार होते. मी म्हणाले, "सर, ठोके ऐकणं हीच तर परीक्षा आहे. इथं सूट दिली तर उद्या पेशंटचं काय?" तू नापास झालीस आणि कॉलेज सोडलंस.

परवा आमच्या वॉर्डात तसंच यंत्र आलं. एका आजींच्या छातीवर ठेवलं, तर माझ्या कानाला न कळलेला चुकता ठोका स्क्रीनवर स्वच्छ दिसला. परीक्षा ठोका ओळखण्याची होती, तेजल. तो कानानंच ओळखावा, हा हट्ट माझा होता.

तू आता भांडगावला कंपनीत पॅकिंगला जातेस. काल तुझे वडील फोनवर म्हणाले, "अनिता, तू व्हतीस म्हणून पोरगी दोन वर्षं तरी शिकली."

मी नुसतं "व्हय, दादा" म्हणाले.

तुझी,
अनिताआत्या