लोणीला थांबा हवाच

रविवार, संध्याकाळ

आज ग्रामसभेत विमानतळाच्या रेल्वेवर बोललो. रूळ जनतेच्या पैशातून टाकायचे, गाडी कंपनीने चालवायची आणि ती लोणीत थांबणारच नाही? मी गरजलो, "कंपनीला हाकला!"

मंडपवाला शंकर उठला. "भाऊ, गावानं वर्गणीतून घेतलेली लग्नाची भांडी मीच भाड्यानं देतो. मलाबी हाकलता का?"

सभा खदखदून हसली. मग सुचलं. "गावातलं लग्न आधी, बाहेरचं मागून, ही अट कुणाची?"

"गावाची."

"मग कंपनीलाही अट घालू. थांबा नाही, तर करार नाही."

माझी भूमिका मवाळ झाली का? होऊ दे. गाडी थांबली पाहिजे.

ठरावाला पहिला हात शंकरचा. वर म्हणतो, "भाऊ, हे आदीच सांगितलं असतं, तर अर्धं भाषण वाचलं असतं की राव!"