साण्यावरची फरशी

आण्णा, काल मला एका अठरा मजली इमारतीत बोलावलं होतं. बंबखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नव्या पोरांना चार गोष्टी सांगायला अजून नेतात. मी नेहमीचंच सांगितलं. जिन्याच्या माथ्याला धूर बाहेर पडायची सोय आहे का ते आधी बघा, पेटलेल्या खोलीचं दार तयारी झाल्याशिवाय उघडू नका, आणि काही झालं तरी माणसांचा जिना धुरापासून राखा. हल्ली जिन्यात चांगली हवा कोंबणारे मोठाले पंखे असतात. पोरं सगळं वहीत उतरून घेतात. त्यांना वाटतं, हे विलायती पुस्तकातलं ज्ञान. पुस्तकात ते आहेच, पण मला ते तुम्ही नळदुर्गात शिकवलंत, आणि तुम्हाला तर सहीसुद्धा येत नव्हती.

मी तुमच्या हाताखाली गवंडीकामाला लागलो त्या वर्षीची एक सकाळ आठवते. आपल्या घराच्या सपाट, मातीच्या माळवदाला चुलीच्या बरोबर वर साणं होतं, घागर आत जाईल एवढं भोक. तुम्ही वर चढून त्यावर घमेलं पालथं घातलंत आणि मला चुलीपाशी बसवलंत. डोळ्यांतून धारा लागल्या. मी उठून दार उघडलं, तर चुलीतल्या पऱ्हाट्या आणखीच भडकल्या आणि धूर घरभर फिरला. मग तुम्ही घमेलं काढलंत आणि बघता बघता घर मोकळं झालं. भाकरी धुरकटली म्हणून आई तुम्हाला बोल बोल बोलली. तुम्ही नुसते हसत होता. चांगल्या वाढलेल्या पोराला असं रडवून शिकवणारा बाप मला तेव्हा फार आवडला नव्हता.

शेटजींचा तीन मजली इमला तुम्हीच बांधलात. खाली दुकान, मधे सरकीची वखार, वर राहतं घर, आणि तिन्हींना मिळून एकच दगडी जिना. त्याच्या माथ्यावर तुम्ही माणूस उतरेल एवढं साणं ठेवलंत. पुढं निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस आले. रोज नवी आवई उठायची. वरून कुणी घरात उतरेल म्हणून सगळं गाव साणी बुजवायला लागलं. शेटजींनीही तेच फर्मावलं. तुम्ही दोन दिवस हुज्जत घातलीत, शेवटी साण्यावर फरशी ठेवलीत, पण सांधे चुन्यानं न भरता नुसत्या मातीनं लिंपलेत. चुना संपला, असं शेटजींना तोंडावर सांगितलंत. आपल्या दारात मळलेल्या चुन्याचा ढीग पडला होता. मला हसू आवरेना.

दोन-तीन महिन्यांनी, भर दुपारी, वखारीतली पोती पेटली. जिन्याचा माथा धुरानं कोंदला आणि शेटजींची बाळंतीण सून वर अडकली, पोर बारा दिवसांचं. लोक घागरी घेऊन वखारीच्या दाराकडे धावतायत. तुम्ही त्यांना जिन्याच्या वळणाखाली हटवता, ते दार ओढून घेता, कडी घालता आणि माझे हात तिच्यावर ठेवता. "म्या फरशी काढल्याबिगर ह्ये दार उघडू नको. कुणी काय बी म्हणू दे." मग पहार घेऊन शेजारच्या माळवदावरून वर जाता. इकडं वळणाखालून, जिथून दार दिसत नाही तिथून, लोक मला शिव्या देतायत, वर बाई मरतीय आणि हा दार धरून बसलाय म्हणतायत. तिचा नवरा, शेटजींचा मुलगा, खालच्या पायरीवर हात जोडून बसलेला. तुमच्यावर भरवसा ठेवून तो जागचा हलला नाही. तेवढ्यात वरून तिची हाक आली आणि मी कडी काढली.

काळा, कढत धूर माझ्या अंगावरून जिन्यानं वर गेला. तुम्ही त्याच वेळी फरशी उचललीत. माती होती म्हणून ती एका दणक्यात निघाली, पण वर आलेला सगळा धूर तुमच्या तोंडावर बसला. जरा थांबला असतात तर तो निवळला असता. तुम्ही थांबला नाहीत, तसेच आत उतरलात. आधी पोर वर दिलंत, मग सून. दोघंही जगली. तुमचा उजवा डोळा गेला.

वाऱ्यानं दार उघडलं, असं तुम्ही गावाला सांगितलंत. त्या दुपारी झाडाचं पान हलत नव्हतं. घरी, आई पाण्याला गेल्यावर, मला एवढंच म्हणालात, "धूर कुठंतरी जाणारच व्हता. तू त्याला माणसाच्या जिन्यात सोडलास." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. पुढं कितीतरी वर्षं एका डोळ्यानं ओळंबा धरलात, आणि तुमची भिंत कधी ढळली नाही. मी बंबखान्यात भरती व्हायला निघालो तेव्हाही रागावला नाहीत, तिथली घरं किती मजली असतात तेवढं विचारलंत. आण्णा, मोठमोठ्या साहेबांच्या हाताखाली काम केलं, पण तुमच्याइतका जाणता माणूस मला भेटला नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून लिहितो. ही हकिकत मी नव्या पोरांना दर वेळी सांगतो. फरशी, माती, पहार, तुमचा डोळा, सगळं जसंच्या तसं. फक्त दार उघडतो तो शेटजींचा मुलगा. काल एका पोरानं विचारलं, त्या माणसाला पुढं झोप कशी लागली असेल? मी म्हणालो, मला काय ठाऊक.