मालकिणीच्या हातचं पाणी

प्रिय दमयंती,

गाडी विकली गेली आहे आणि अजून अंगणातच उभी आहे. दोन्ही गोष्टींना गोरक्षनाथ मिस्त्रीने आज सकाळी दुजोरा दिला. नेवाशाच्या बातम्या जन्मभर पेपरला पाठवल्यामुळे महत्त्वाचं आधी सांगायची सवय जात नाही. ‘ती गाडी दारातून हलेल तेव्हाच मी दारात पाऊल टाकीन,’ असं म्हणून तू पुण्याला लेकीकडे, ईराकडे गेलीस, म्हणून ही बातमी सर्वांत आधी तुला.

तुझा राग मला मान्य आहे. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शन करतात. मी भंगारातून दोन दारांची जुनी अमेरिकन गाडी आणून गोरक्षनाथकडून नवीकोरी करून घेतली. आकाशी रंग छान जमला. फक्त मागे बसलेल्यांना उतरायचं तर पुढची सीट वाकवावी लागते, आणि जामखेडच्या लग्नात ती नेमकी अडकली. मागे तू आणि ईराच्या सासूबाई. एवढी लांब, चकचकीत गाडी बघून बँडवाल्यांना वाटलं, नवरदेवच आला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वधूकडच्या बायका पंचारती घेऊन धावल्या आणि मागच्या खिडकीतूनच त्यांनी विहीणबाईंना ओवाळलं, कुंकू लावलं, तोंडात पेढा कोंबला. खरा नवरदेव मागच्या जीपमध्ये हॉर्न वाजवत होता. मी पान्हा शोधत होतो. विहीणबाईंसमोर घराची अब्रू गेली, असं तू घरी येईपर्यंत सांगत होतीस.

जाहिरात दिल्यावर बरेच जण आले आणि बॉनेटला टेकून फोटो काढून गेले. शेवटी शिर्डीजवळच्या सूर्यभानने सौदा केला. त्याने मंगल कार्यालय काढलंय. वरातीला गाडी हवी. सीटचं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “चांगलंच हाय काका, नवरदेव पळून जायचा न्हाई.”

काल तो न्यायला आला, सोबत आई रंगुबाई. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर थाप मारली आणि विचारलं, “मालकीन कुठंय?” पुण्याला आहे म्हटल्यावर ओसरीवर बसल्याच. “दावणीचं जनावर इकलं तर घरच्या मालकिणीनं पायावर पानी घालून, दाने चारून धाडायचं असतंय. तशी आमी दारातनं काय न्हेत न्हाई.” गाडीला पाय नसतात, असं मी म्हणून पाहिलं. “चाकं हायती न्हवं?” मग मी स्वतःच तांब्या घेऊन उठलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पाणी पिऊन टाकलं. सूर्यभान रिकाम्या हातानेच निघाला. जाताना म्हणाला, “काका, काकूंना बोलवा. आमच्या म्हातारीपुढं आरटीओचं पन चालत न्हाई.”

तेव्हा पेच असा आहे: गाडी गेल्याशिवाय तू येत नाहीस आणि तू आल्याशिवाय गाडी जात नाही. मधल्या मध्ये मी रोज पिठलं खातोय. गुठळ्या होतात.

आणखी एक बातमी, जी खरं तर वर यायला हवी होती. दुपारी विहीणबाईंचा फोन आला. मी माफी मागायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, “विकताय म्हणे? अहो, असं वाजतगाजत मला कुणी माझ्या लग्नातसुद्धा ओवाळलं नव्हतं. दमयंतीबाईंना मी चारदा सांगितलं, त्यांना वाटतं मी मन राखायला बोलतेय.” पुढे हेही म्हणाल्या की पेढा तुलाही हवा होता, तो त्यांना एकटीला मिळाला. याला तुझ्याकडून दुजोरा मिळालेला नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतेस. रंगुबाई रविवारी सकाळी पुन्हा येतायत. तांब्या घासून ठेवलाय, मूठभर ज्वारीही काढून ठेवलीय. शेजारी चहाचं आधणही तयार असेल. चाकांवर पाणी घालायचं की रंगुबाईंना चहा पाजून तशाच परत पाठवायचं, ते मालकिणीने येऊन ठरवावं.

शनिवारी संध्याकाळी स्टँडवर न्यायला येईन. चालत.

तुझाच,
विष्णू