निळ्याचं माप

बाबा, आज दुपारी कुहीची एक बाई दुकानात आली होती. लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं दुकान टाकणार आहे. गळ्यातलं मोडून पैसे उभे केलेत आणि दुसऱ्यांदा मोडायला घरात काही नाही, हे तिने खुर्चीत टेकता टेकताच सांगून टाकलं. "ताई, तुमी इतके वर्ष हेच करून राहिल्या. मले फक्त सांगा, कोनता कॉम्प्युटर घेऊ, कोनतं सॉफ्टवेअर घेऊ. दुकानवाला तर सगळंच चांगलं म्हनते." ती वही उघडून बसली आणि मी सांगत गेले. ती गेल्यापासून मला तुमचा राग येतो आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण आज मी बोलणार आहे.

सल्ले तुम्हीही द्यायचात. गांधीबागेत कुणी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटला की तुमच्याकडे यायचा, आणि तुमचं एकच वाक्य ठरलेलं: "मी सोता वापरून राहिलो नं, डोळे झाकून घे." मी तसं केलं नाही. मी तिला सांगितलं, कॉम्प्युटरचा डबा जुना चालेल, पण आतली डिस्क नवी आणि वेगवान घे. मेमरी सोळा जीबीच्या खाली नको, लग्नसराईत चार-चार पत्रिका एकदम उघड्या असतात. रंगीत दिवे लागणारा डबा दाखवतील, तो गेम खेळणाऱ्यांसाठी असतो, तिकडे बघूही नको. कुहीत वीज जाते म्हणून आधी यूपीएस, मग टेबल-खुर्ची. फुकटचं सॉफ्टवेअर शिकायला उत्तम, मी वर्षभर त्याच्यावरच पोट भरलं. पण छापखान्याला फाइल द्यायची तर शाईचे रंग नीट वेगळे करणारं हवं, त्याचं महिन्याचं भाडं परवडतं. कुणी पेनड्राइव्हमधून फुकट टाकून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठव, आपल्याकडचं तसलं ऐन लग्नसराईत बसलं होतं. आणि स्क्रीन कधीच जुनी घेऊ नको. हे सांगताना माझा आवाज इतका चढला की ती दचकली. "काहून ताई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, लिही तू.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या बौद्ध समाजाच्या पत्रिका निळ्या, आणि निळं छापावं तर तुम्हीच, असं कामठीपासून कुहीपर्यंत लोक म्हणायचे. मी बावीस वर्षांची होते. आत्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि एकटीने केलेली माझी ती पहिली पत्रिका. तुम्ही संत्र्याच्या पेट्यांच्या लेबलांचं काम घेऊन काटोलला गेला होतात. तुम्ही जुनी घेतलेल्या त्या सपाट स्क्रीनवर मी दोन दिवस निळा जुळवत बसले, इतका सुंदर निळा की उठून लांबून बघून आले. तुम्ही परतलात त्याच दिवशी छापून गठ्ठा आला, तो जांभळा. वांग्याच्या सालीसारखा. आत्या पत्रिका हातात घेऊन उभी, दुकानात पाच गिऱ्हाइकं, आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "पोरीच्या हाती देलं, आता भोगा. काहून वं, डोळे कुठं ठेवले होते तुह्ये? निळं आन जांभळं समजत नाही तुले?" आत्या बिचारी म्हणाली, "राहू दे गा, लेकरू आहे." मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे अजून निळंच होतं.

मला खरंच वाटलं की माझे डोळे बिघडलेत. कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात जाऊन रंगीत ठिपक्यांचं पुस्तक वाचून आले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण तुम्ही मला माउसला हात लावू दिला नाही. पुढची दोन वर्षं मी पत्रिकांना घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला तुम्ही तो किस्सा हसत सांगितलात. मीही हसायची. माझ्या त्या हसण्याचा राग मला तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त येतो.

तुम्ही गेल्यावर तुमचा ड्रॉवर मीच रिकामा केला. तळाशी एक वही निघाली. पहिल्याच पानावर दादाच्या लग्नपत्रिकेचा निळा तुकडा चिकटवलेला, आणि शेजारी तुमच्या अक्षरात: ही स्क्रीन गुलाबी दाखवत नाही. निळी शाई शंभर टक्के, गुलाबी साठ, त्याच्यावर नाही. बस, एवढंच. निळ्यात गुलाबी जास्त पडली की कागदावर जांभळं उतरतं, आणि ती गुलाबी त्या स्क्रीनवर दिसतच नव्हती. दादाचं लग्न माझ्या चुकीच्या दीड वर्ष आधी झालं होतं, बाबा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही खापर माझ्या डोळ्यांवर फोडलंत. आणि माहीत असून तसलीच स्क्रीन गल्लीतल्या चौघांना घ्यायला लावलीत, डोळे झाकून घे म्हणत. त्यांचे निळे जांभळे झाले आणि त्यांची गिऱ्हाइकं तुमच्याकडे आली. हे तुम्ही ठरवून केलंत की आपोआप झालं, हा प्रश्न मी अकरा वर्षं चघळते आहे. आता आठवतं, निळी पत्रिका आली आणि आकडे टाकायची वेळ झाली की तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "जा वं, चहा सांगून ये." आणि मी जायची. परक्यापासून झाकलंत ते धंदा म्हणून सोडून देईन. मी तुमच्याच घरात जेवत होते.

इथेच थांबणार होते. पण ती बाई निघताना वही मिटता मिटता म्हणाली, "ताई, आमच्याकडं बौद्ध लग्नाच्याच पत्रिका जास्त येतीन. निळ्याचं काही वेगळं असते का?" तुमची वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. पण कुहीची माणसं आजवर निळ्यासाठी माझ्याकडे येतात, आणि हिचं दुकान निघालं की ती इथवर कशाला येतील? मी म्हटलं, करून करून जमतं. तिने तेही लिहून घेतलं, "करून करून जमते." आणि मी म्हटलं, तू बस, चहा सांगून येते.

हे पत्र कुठे पाठवणार, तुमचा पत्ताच नाही. तिचा नंबर टेबलावर आहे, तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला. संध्याकाळपासून तो दोनदा वाचला. अजून फोन लावलेला नाही.